माझ्या हातासाठी गाव बंद

"पाइपात काय आहे?"

"भाला."

हवालदार खिल्लारे आधी हसले. मी हसत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी काठी आडवी धरली. धामणखेडच्या नाक्यावर त्या सकाळी आम्ही दोघंच होतो. एसटीनं मला तिथंच उतरवून दिलं होतं, कारण पुढं रस्त्यात टायर जळत होते.

"गावात जमावबंदी लागलीय," खिल्लारे म्हणाले. "काठी चालत नाही, दगड चालत नाही, आणि तुम्ही सरळ भाला घेऊन आलात?"

"खेळायचा आहे."

"भाल्यानं कोण खेळतं?"

"मी."

त्यांनी पाइपाचं टोपण काढून आत डोकावलं. टोक चमकल्याबरोबर टोपण परत लावलं आणि पाइप ताब्यात घेतला.

"पण गाव कशासाठी बंद आहे?" मी विचारलं.

"कुठून आलात? अख्ख्या जिल्ह्याला माहितंय. उज्ज्वलाताईंचा हात तोडला."

मी माझ्या डाव्या बाहीकडं पाहिलं. ती होती तशीच होती, कोपराखाली दुमडून पिन लावलेली.

"कोणत्या उज्ज्वलाताईंचा?"

"अशा किती आहेत? टेकाळे. परदेशातून भालाफेकीचं पदक आणलं त्या. उद्या त्यांच्या पुतळ्याचं अनावरण होतं, मंत्री येणार होते. आज पहाटे वाऱ्यानं कापड उडालं, बघतात तर पुतळ्याला डावा हातच नाही. कोपरापासून गायब! विटंबना झाली म्हणून सगळं बंद."

"साहेब, उज्ज्वला टेकाळे मीच."

खिल्लाऱ्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग बाहीच्या टोकाकडं. माणूस वाईट नव्हता. एकदम समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, आज असं काही बोलू नका. वातावरण तापलंय. आणि ताईंना दोन्ही हात आहेत. ते बघा."

त्यांनी काठीनं वर दाखवलं. नाक्यावर दोन खांबांच्या मध्ये माझा फ्लेक्स लावला होता. 'धामणखेडची रणरागिणी' असं वर लिहिलं होतं. चेहरा माझाच होता, ट्रॅकसूट माझाच होता, आणि डाव्या खांद्याखालून एक गोरापान, गुबगुबीत हात निघाला होता. त्यात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या. तो हात बहुतेक एखाद्या नवरीच्या फोटोतून उचललेला होता, कारण तळव्यावर मेंदीसुद्धा दिसत होती.

इथं थोडं सांगायला हवं. मी डाव्या हाताशिवायच जन्मले. कोपरापर्यंत आहे, पुढं नाही. आमचं घर धामणखेडच्या ओढ्यापलीकडं, वस्तीवर. आई माझी डावी बाही नेहमी लांब शिवायची आणि तिचं टोक पिनेनं बंद करायची. बाजाराला गेलो तरी मला स्वतःच्या उजव्या अंगाला घ्यायची, तिच्या पदराखाली. सातवीनंतर मी क्रीडा प्रबोधिनीत गेले, तिथून पुण्याच्या शिबिरात. पदक मिळालं तेव्हासुद्धा मी विमानतळावरून थेट शिबिरात परतले. गावानं मला पाहिलं ते फ्लेक्सवर. दिव्यांगांच्या स्पर्धेतलं पदक आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण नेमकं काय आहे हे कुणी विचारलं नव्हतं. कुणाला वाटायचं पाय आहे, कुणाला वाटायचं ऐकू येत नाही. नंतर कळलं, नगरपरिषदेत एका सदस्यानं माझ्या अभिनंदनाचा ठराव खुणांच्या भाषेत मांडायचा प्रयत्न केला होता.

"ताईंना पायाचा त्रास आहे," खिल्लारे मला ठाण्याकडं नेताना सांगत होते. "तरी काय फेकतात! मी बघितलं नाही, पण फेकत असणार."

"माझ्या पाठीवर 'इंडिया' लिहिलंय," मी म्हटलं.

"असली जॅकेटं बाजारात लटकलेली असतात, ताई."

वाटेत चौक लागला. मला पुतळा बघायचा होता, पण त्याच्याभोवती इतकी माणसं जमली होती की दिसला फक्त वर केलेला उजवा हात आणि त्यातला भाला. जमावबंदी असल्यामुळं माणसं चार-चारच्या टोळक्यानं बसली होती. प्रत्येक टोळक्याचा झेंडा वेगळा होता, घोषणा मात्र एकच होती: "उज्ज्वलाताईंचा हात, परत द्या, परत द्या!" त्यांच्यामधून खिल्लारे मला घेऊन गेले. एकानं मला म्हटलं, "ओ बाई, बाजूला व्हा, रस्ता अडवू नका."

पोलीस निरीक्षक गुट्टे साहेब टेबलावर डोकं धरून बसले होते. त्यांना मंत्र्यांच्या बंदोबस्तामुळं रात्रीपासून झोप नव्हती आणि सकाळपासून चहा नव्हता, कारण चहाची टपरीही माझ्या हातासाठी बंद होती.

"साहेब, ही बाई भाला घेऊन फिरत होती. वर म्हणते, मीच उज्ज्वला टेकाळे."

साहेबांनी मान वर केली. मी ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, बाही पाहिली. मग हळूच उठून दार लावून घेतलं.

"हे कधी झालं?"

"काय?"

"हात."

"जन्मापासून आहे. म्हणजे, नाही."

ते परत खुर्चीत बसले. "म्हणजे पुतळा..."

"बरोबर आहे."

"तुटलेला नाही?"

"नाही."

"अरे देवा," गुट्टे साहेब म्हणाले. "मी तर आरोपी पण पकडलाय."

आरोपी आतल्या कोठडीत होता. पुतळा ज्यांनी केला ते दिगंबर पांचाळ, साठीचे, अंगात अजून कामाचा मळका सदरा, भुवयांवर पांढरी धूळ. पहाटे कापड उडालं म्हणून ते परत बांधायला गेले होते आणि लोकांना पुतळ्यापाशी सापडले. मला पाहून ते गजांपाशी आले, नमस्कार केला.

"मी सकाळपासून एकच सांगतोय यांना," ते म्हणाले. "साहेब, मी हात लावलाच नाही."

"आता तुम्हीच सांगा," साहेब माझ्याकडं वळून वैतागानं म्हणाले. "इथं येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, मी हात लावला नाही. मला कसं कळणार?"

"पण मी खरंच लावला नाही! बनवलाच नाही तर लावू कुठून?"

"मग पुतळ्याच्या कमिटीनं काय सांगितलं होतं तुम्हाला?" मी विचारलं.

पांचाळांनी मान खाली घातली. "कमिटीनं दोन हातांचा सांगितला होता."

"मग?"

साहेब म्हणाले, "इथंच गाडी अडते. असा का केला, कुणी सांगितलं, विचारलं की गप्प. म्हणजे कट आहे ना हा?"

पांचाळ गजांतून माझ्या उजव्या हाताकडं बघत होते. "ताई, एक विचारू? भाला धरताना हे मधलं बोट मागं असतं की पुढं? मी फोटोवरून केलंय, पण खात्री नव्हती."

मी खिल्लाऱ्यांकडून पाइप मागितला. ते म्हणाले, देता येणार नाही, मुद्देमाल आहे. मग त्यांच्या काठीवर बोटं ठेवून दाखवलं. पांचाळांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. कोठडीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

तेवढ्यात मागच्या दारानं नगराध्यक्ष अंबादासराव आले. पुतळ्याची कल्पना त्यांची. शेजारच्या तालुक्यानं पैलवानाचा पुतळा उभारला, म्हणून त्यांनी माझा उभारला होता. ते मला ओळखून नमस्कार करतील अशी मला आशा होती. त्यांनी नमस्कार केला तो गुट्टे साहेबांना, मग खुर्ची ओढून बसले आणि साहेबांनी सगळं सांगेपर्यंत रुमालानं मान पुसत राहिले.

सगळं ऐकल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"ताई, तुमचं अभिनंदन," ते म्हणाले. "पण ही गोष्ट तुम्ही आम्हाला आधी कळवायला हवी होती."

"कुठली?"

"हाताची. आता बाहेर दोन हजार माणूस बसलाय. त्याला जाऊन सांगू, की बाबांनो, हात नव्हताच? मग तुम्ही सकाळपासून उपाशी कशाला बसलात? आमच्यावर हसतील लोक. मंत्री येणार का उद्या?" त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि आवाज मऊ केला. "त्यापेक्षा सरळ मार्ग आहे. आज दिवसभरात पांचाळ एक हात बनवून बसवतील. हात सापडला म्हणून जाहीर करू. गाव उघडेल, पांचाळ सुटतील, कुणावर केस नाही. काय साहेब?"

साहेबांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. "सापडला म्हटलं तर पंचनामा पण नीट होतो."

"आणि उद्या स्टेजवर," अंबादासराव मला म्हणाले, "तुम्ही पण एखादा बसवून या. मिळतात आता, चांगले, कातडीच्या रंगाचे. पुतळ्याशी जुळायला पाहिजे ना माणूस."

कोठडीतून पांचाळ म्हणाले, "मी हात बनवणार नाही."

"मग बसा आत."

मी पांचाळांकडं पाहिलं. कोठडीतल्या फरशीवर पाय आखडून बसलेले होते. अनावरणासाठी मिळालेली माझी रजा दोनच दिवसांची होती, पुढच्या आठवड्यात निवड चाचणी होती. आयुष्यभर पिना लावलेल्या बाह्यांमध्ये वावरल्यावर फायबरच्या एका हातानं काय बिघडणार होतं? तो माझ्या अंगाला थोडाच लागणार होता! चौकात लागणार होता, चौकातल्या लोकांना पाहिजे होता. मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"लावा..."

"अहो, सोडा मला आत! पोर माझी हाय!"

दारातून आई आली. खिल्लाऱ्यांनी आडवी धरलेली काठी तिनं बाजूला केली, जशी घरात दोरीवरचं ओलं लुगडं बाजूला करते तशी. वस्तीवरून चालत आली होती, पाय धुळीनं भरले होते. तिचं नाव केवळबाई. पण गावात तिला कुणी नावानं ओळखत नव्हतं, फ्लेक्सवर 'वीरमाता' असं लिहून शेजारी कुणा दुसऱ्याच बाईचा फोटो टाकला होता.

माझ्याकडं तिनं एकदा बघून घेतलं, जेवलीस का ते विचारलं, आणि गजांपाशी गेली.

"पांचाळबाबा, तुम्ही सांगितलं नाही ना?"

"तुम्ही शपथ घातली होती," पांचाळ म्हणाले.

आई साहेबांकडं वळली. "साहेब, हात लावू नका असं मी सांगितलं होतं यांना. काय करायचं ते मला करा."

गुट्टे साहेबांचा हात आपोआप पेनाकडं गेला. "म्हणजे तुम्ही कबूल करताय?"

"करते की."

"काय कबूल करताय?"

"की हात नव्हता."

साहेबांनी पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं. "हे कोणत्या कलमात बसवू?" त्यांनी खिल्लाऱ्यांना विचारलं. खिल्लारे आढ्याकडं बघायला लागले.

बाहेर आवाज वाढला होता. ताई स्वतः ठाण्यात आल्यात, अशी बातमी कशी कोण जाणे फुटली होती, आणि आता लोक फाटकापाशी येऊन "ताईंना बाहेर आणा" म्हणून ओरडत होते. एक दगड पत्र्यावर पडला. साहेबांनी टेबलाखालून कर्णा काढला आणि माझ्यापुढं धरला.

"तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

व्हरांड्यात उभी राहिले तेव्हा एवढी गर्दी एकदम शांत झाली. इतकी माणसं माझ्यासाठी जमलेली मी आजवर पाहिली नव्हती. परदेशातल्या मैदानावर तर प्रेक्षकांत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आईनं कर्णा माझ्या तोंडापुढं धरला.

"मी उज्ज्वला टेकाळे," मी म्हटलं. "पुतळ्याचा हात कुणी तोडलेला नाही. पुतळा बरोबर आहे. हे बघा."

मी दातांनी पिन काढली आणि बाही वर सारली. घराबाहेर, लोकांसमोर, माझ्या गावात, पहिल्यांदा. ऊन थेट कोपरावर पडलं.

गर्दीत कुणी हलेना. मागं कुठंतरी एक म्हातारा हळहळला. मला वाटलं, कळलं यांना. आणि तेवढ्यात एका झेंड्याखालून आरोळी उठली, "अरे, ताईंचा पण तोडला!"

मग जे झालं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. बायका रडायला लागल्या. सगळे झेंडे एक झाले. कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला आणि ती खरंच आली, भोंगा वाजवत, आणि गर्दीत अडकून पडली. "आधी पुतळ्याचा, मग माणसाचा!" अशी नवी घोषणा तयार झाली. गुट्टे साहेब ओरडून सांगत होते की जखम जुनी आहे, त्यावर लोक म्हणाले, मग इतके दिवस पोलीस काय करत होते?

आईनं कर्णा माझ्यापुढून काढून स्वतःच्या तोंडाला लावला. तो उलटा धरला होता. खिल्लाऱ्यांनी सरळ करून दिला.

"गप बसा!" आई म्हणाली.

कर्ण्याची तिला गरज नव्हती. ओढ्यापलीकडून ती म्हशींना हाक मारायची.

"ही माझी लेक. मी बाळंत झाले, तुम्ही नाही. ही अशीच झाली. तोडलं न्हाई, मोडलं न्हाई, पडलं न्हाई. देवानं दिलं तेवढं घेऊन आली आन् तेवढ्यावर जाऊन पदक आणलं. तुम्हाला हिला हात पाहिजे ना? ज्याला पाहिजे त्यानं आपला काढून द्यावा. या पुढं."

कुणी पुढं आलं नाही. गुट्टे साहेबांनी सवयीनं, किंवा झोप नसल्यामुळं असेल, गर्दीवर नजर फिरवून अगदी मनापासून विचारलं, "आहे का कुणी?"

पुढच्या रांगेतल्या एका माणसानं दोन्ही हात हळूच पाठीमागं नेले. शेजारच्यानं ते बघून स्वतःचे खिशात घातले. मग माणसं एकमेकांकडं न बघता पांगायला लागली. पाचेक मिनिटांत समोरच्या टपरीचं शटर वर गेलं आणि गुट्टे साहेबांना चहा मिळाला.

अनावरण दुसऱ्या दिवशी झालं, मंत्री मात्र आले नाहीत. अंबादासरावांनी भाषण केलं, माझ्या पायांच्या जिद्दीचं कौतुक केलं. पांचाळांना श्रीफळ मिळालं. पुतळ्याला हात बसवला नाही, पण पुन्हा गैरसमज नको म्हणून चौथऱ्यावर नगरपरिषदेनं पाटी लावली. ती अजून आहे. 'सूचना : सदर पुतळ्याचा हात तुटलेला नाही. पुतळा मूळचाच असा आहे. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. हुकुमावरून.' पाटी मोठी झाली, त्यामुळं माझं नाव बाजूला, लहान अक्षरांत गेलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या आदल्या संध्याकाळचं. ठाण्यातून आम्ही दोघी चालत वस्तीवर आलो. भाला मिळाला नाही. जप्तीत दाखवलाय, कोर्टातून सोडवून घ्या, असं खिल्लाऱ्यांनी हात जोडून सांगितलं. आईनं चूल पेटवली. मी उंबऱ्यात बसून तिला विचारलं, पांचाळांकडं कधी गेली होतीस.

"फ्लेक्स लागला त्या दिवशी. बाजाराला गेले होते."

"मग? एवढी वर्षं तूच तर झाकत होतीस."

आईनं भाकरी थापताना मान वर केली नाही. "मी झाकला तो तुझाच होता. त्यांनी तिसऱ्याच बाईचा आणून चिकटवला. मेंदी लावलेला. मी तिथं उभी राहून बघायले, आन् मला तू ओळखूच येईना. माझी पोर मला ओळखू येईना म्हटल्यावर मी काय करावं? विचारत विचारत गेले त्या बाबाकडं. म्हटलं, कमिटी काय सांगती ते सांगू दे, तुम्ही इथवरच करा." तिनं पिठाच्या हातानं स्वतःच्याच डाव्या कोपराखाली रेघ ओढून दाखवली. "त्यांनी माप घेतलं माझ्या हातावरून."

रेघ तिथं तशीच राहिली, पिठाची. पोत्यावर बसून मी तिच्या हातची भाकरी खाल्ली, आणि ती समोर बसून मला खाताना बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "उज्ज्वले, तू नेमकं करतीस काय गं?"

"म्हणजे?"

"भाला टाकतीस म्हणतात. म्हणजे कसा? मी कधी बघितलंच न्हाई."

"आता भाला कुठं आहे, आई?"

"नसू दे. तसाच टाकून दाखव."

अंगणात ऊन उतरलं होतं. मी चपला काढल्या, गोठ्यापर्यंत मागं गेले, बोटं मिटून रिकामी मूठ कानापाशी धरली. पळाले, शेवटची पावलं आडवी टाकली, डावा कोपर पुढं केला, कारण फेकीचा तोल मी त्याच्यावरच धरते, आणि कमरेपासून सगळी उलटून हात सोडला. कुंपणाच्या अलीकडं कशीबशी थांबले.

आईनं डोळ्यांवर हात आडवा धरला. नजरेनं आभाळ कापत कापत ती ओढ्याच्या बाजूला गेली, झाडांच्या वर, मग हळूहळू खाली.

"लांब गेला गं," ती म्हणाली.

"हो."

"कौसाबाईच्या पत्र्यावर पडला असणार. उद्या सकाळी जाऊन सांगून ये, न्हाईतर ती भांडायला येईल."